रात्री दोनला कोणाला उठवायचं? स्टोरेजचे अलर्ट आणि त्यांचे नियम

जर्मनीत रात्री वाजलेल्या अलर्टची किंमत कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. कामाच्या वेळेबद्दलचा १९९४ चा इथला कायदा म्हणजे 'आरबाइट्सत्साइटगेझेत्स'. त्याचं कलम ५ सांगतं, की दिवसाचं काम संपल्यावर नोकरदाराला सलग ११ तास विश्रांती मिळायला हवी. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा.

समजा, एका संशोधन संस्थेचं स्टोरेज सांभाळणारी मुलगी आज रात्री 'रूफबेराइटशाफ्ट'वर आहे. म्हणजे ती ऑफिसात नाही, घरीच आहे, पण फोन आला तर उचलायचा. असं घरी असणं विश्रांतीतच धरलं जातं. पण रात्री दोनला अलर्ट आला आणि तिने लॅपटॉप उघडून पाऊण तास काम केलं, तर विश्रांती मोडली. पावणेतीनपासून नवे ११ तास मोजायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनच्या आधी तिला कामाला लावता येत नाही. सामूहिक करारांमधून यात सवलती मिळतात, इस्पितळांसाठी वेगळे नियम आहेत, आणि एका मिनिटाच्या फोनने विश्रांती मोडते का यावर वकील मंडळी वाद घालतात. ते सगळं असो. हिशोब साधा आहे: स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी 'डिस्क ९० टक्के भरली की फोन कर' अशी एक ओळ लिहिली, त्या ओळीने एका माणसाची झोप आणि संस्थेचा अर्धा दिवस खाल्ला.

आणि त्या रात्री त्या मुलीने केलं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. डिस्क ९० टक्के भरलेली बघितली, सकाळपर्यंत चालेल असं ठरवलं, आणि परत झोपायचा प्रयत्न केला.

आपल्यापैकी जे प्रयोगशाळेत काम करतात त्यांना हा विषय परका नाही. ग्रुपमध्ये एक सर्व्हर असतो, त्यावर सगळ्यांचा डेटा असतो, आणि 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' म्हणून तो एखाद्या पीएचडीवाल्याच्या गळ्यात पडलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये 'नोटिफिकेशन' नावाचं पान असतं. तिथे चार खुणा करायच्या, आपला मेल टाकायचा, झालं. त्या चार खुणांमध्ये किती गोष्टी ठरतात, ते बघू.

टक्के कशाचे?

सगळ्यात आधी त्या ९० टक्क्यांकडे बघा. दोन डिस्क घेऊ. पहिली एका लहान ग्रुपची, ८ टेराबाइटची. ९० टक्के भरली म्हणजे ८०० गिगाबाइट शिल्लक. रोज साधारण २ गिगाबाइट नवीन डेटा येतो. म्हणजे ४०० दिवस आहेत हातात. यासाठी कुणाला उठवायचं काय कारण?

दुसरी डिस्क हॅम्बुर्गची समजू. तिथे डेझी संस्थेच्या आवारातून श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या शेनेफेल्डपर्यंत ३.४ किलोमीटर लांबीचा युरोपियन एक्सफेल हा क्ष-किरण लेसर जमिनीखालून जातो. २०१७ पासून तिथे प्रयोग चालू आहेत. सेकंदाला २७,००० पर्यंत झोत निघू शकतात आणि मोठे डिटेक्टर सेकंदाला कित्येक गिगाबाइट चित्रं ओततात. आकडा सोपा जावा म्हणून सेकंदाला १० गिगाबाइट धरू, आणि तो डेटा झेलणारी डिस्क ५०० टेराबाइटची. तीही ९० टक्के भरली आहे. शिल्लक ५० टेराबाइट. भागाकार केला की ५,००० सेकंद येतात. दीड ताससुद्धा नाही! इथे ९० टक्क्यांना वाजणारा अलर्ट म्हणजे बैल गेला नि झोपा केला. लोक दुसऱ्या देशातून येऊन, कित्येक महिने आधी अर्ज करून मोजक्या पाळ्या मिळवतात. त्यातली एक पाळी डिस्कला जागा नाही म्हणून गेली, तर ती परत मिळत नाही.

म्हणजे टक्का तोच, पण एकीकडे वर्षभर वेळ आणि दुसरीकडे दीड तास. तरीही जवळजवळ प्रत्येक स्टोरेज सॉफ्टवेअर तुम्हाला आधी टक्काच विचारतं, कारण तो मोजायला सोपा.

म्युनिकच्या चेकएमके या देखरेखीच्या सॉफ्टवेअरने यावर एक गंमतशीर उपाय काढला, त्याला ते 'मॅजिक फॅक्टर' म्हणतात. डिस्क जितकी मोठी, तितकी टक्क्याची मर्यादा आपोआप वर सरकते. २० गिगाबाइटची डिस्क प्रमाण धरलेली आहे. फॅक्टर ०.८ ठेवला आणि मर्यादा ८० टक्के दिली, तर २० गिगाबाइटच्या डिस्कसाठी ती ८० च राहते, पण ८०० गिगाबाइटच्या डिस्कसाठी ९० च्या आसपास जाते. शेकडो लहानमोठ्या डिस्क एकाच नियमात बसवायच्या तर हे कामाचं आहे. पण यात अजूनही आकारच मोजला जातोय, वेग नाही. आणि वरच्या उदाहरणात खरा फरक वेगाचा होता.

बर्लिनमधून आलेली कल्पना

वेगाचा प्रश्न नीट हाताळणारं एक साधन बर्लिनमध्ये जन्मलं. साउंडक्लाउड ही संगीत ऐकवणारी कंपनी. तिथे २०१२ मध्ये मॅट प्राउड आणि जूलियस फोल्झ या दोघांनी 'प्रोमिथियस' लिहायला घेतलं. दोघेही आधी गूगलमध्ये होते आणि तिथल्या बोर्गमॉन नावाच्या आतल्या यंत्रणेची त्यांना सवय होती. बाहेर आल्यावर तसं काही मिळेना, म्हणून स्वतःच बनवलं. २०१५ च्या जानेवारीत ते मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आलं, आज ते जगभर वापरलं जातं आणि फुकट आहे.

प्रोमिथियस ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरला आकडे विचारतो आणि साठवतो. त्यामुळे 'आत्ता किती भरली' एवढंच नाही, तर 'गेल्या सहा तासांत कशी भरत आली' हेही त्याला ठाऊक असतं. त्यात एक फंक्शन आहे, प्रेडिक्ट लिनिअर. शाळेत आलेखावरच्या ठिपक्यांमधून पट्टी ठेवून रेघ काढायचो ना, तेच. गेल्या सहा तासांच्या ठिपक्यांमधून रेघ काढायची, ती पुढे वाढवायची, आणि चार तासांनी शिल्लक जागा शून्याखाली जाते का ते बघायचं. जात असेल तर अलर्ट.

आता नियमाचं वाक्यच बदललं. 'डिस्क ९० टक्के भरली' याऐवजी 'असंच चाललं तर चार तासांत डिस्क भरेल'. पहिलं वाक्य ही नुसती माहिती, दुसऱ्यात किती वेळ उरलाय ते कळतं. माझ्या मते स्टोरेजच्या अलर्टमध्ये एकच सुधारणा करायची असेल तर ती ही.

अर्थात रेघ फसवते. रात्रीचा बॅकअप आधी दोन तास तात्पुरत्या फायली लिहितो आणि मग पुसतो. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. चढणीवर पट्टी ठेवली तर डिस्क भरणारच असं वाटतं, आणि दहा मिनिटांत सगळं खाली येतं. म्हणून अशा नियमाला दोन लगाम घालतात. एक, जागा मुळातच कमी असेल, समजा २० टक्क्यांच्या आत, तरच भाकीत विचारात घ्यायचं. दोन, ही अवस्था काही वेळ टिकली पाहिजे. प्रोमिथियसच्या नियमात यासाठी 'फॉर' नावाची एक ओळ असते. ती विसरली की एका क्षणाच्या उसळीवरही फोन वाजतो. मात्र ती फार लांबवली, तर वरच्या हॅम्बुर्गच्या डिस्कसारख्या ठिकाणी दीड तासातला एक तास वाट बघण्यातच जातो. तेव्हा हा आकडा कुणाचा तरी नकलून घेऊ नका, आपल्या डेटाच्या वेगावरून काढा.

जागा आणि फायलींची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगून टाकतो. लिनक्सच्या बऱ्याच फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फायलीला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या आधीच ठरलेली असते. एखाद्या प्रोग्रॅमने कोट्यवधी इवल्याशा फायली टाकल्या की अर्धी डिस्क रिकामी असूनही 'जागा नाही' असं उत्तर येतं. यासाठी वेगळा नियम लागतो, आणि तो सहसा कुणी लावलेला नसतो.

डिस्क मरणार हे कळतं का?

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्याला 'स्मार्ट' म्हणतात. खराब होऊन बदललेले सेक्टर किती, वाचता न आलेले किती, वगैरे. नोटिफिकेशनच्या पानावर 'स्मार्ट वॉर्निंग'ची खूण असते आणि ती केली की आपण निर्धास्त होतो. तसं होऊ नये. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या डिस्कच्या मोठ्या ताफ्याचा अभ्यास मांडला. त्यात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार सर्वांत भरवशाच्या लक्षणांपैकी एकही दाखवलेलं नव्हतं. लक्षण दिसलं तर डिस्क बदला, हे बरोबर. लक्षण नाही म्हणजे डिस्क ठणठणीत, हे मात्र चूक.

म्हणून खरा आधार रेडचा, म्हणजे एक डिस्क गेली तरी उरलेल्या डिस्कवरून डेटा परत उभा करण्याचा. इथे अलर्टचा नियम ठरवताना बघायचं ते असं, की आता आणखी किती डिस्क जाऊ शकतात. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतं. एक गेली तर अजून एक हातात आहे, सकाळी मेल वाचून बदलली तरी भागतं. रेड ५ मध्ये एक गेली की हात रिकामे. १६ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने अखंड भरत राहिली तरी ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे २२ तास. प्रत्यक्षात लोक त्याच वेळी काम करत असतात, त्यामुळे जास्तच. तेवढा वेळ सगळा डेटा एका धाग्यावर टांगलेला.

तेव्हा 'डिस्क निकामी' हा एकच अलर्ट दोन ठिकाणी दोन वेगळ्या दर्जाचा ठरतो. आणखी एक प्रश्न विचारायचा: रात्री उठून माणूस नक्की काय करणार? जोडीला सुटी डिस्क आधीच लावलेली असेल आणि ती आपोआप भरायला लागली असेल, तर करण्यासारखं फारसं काही नाही. नवी डिस्क कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली संस्थेत आहे, तर घरून तरी काय करणार?

सगळं शांत आहे, म्हणजे काय?

आता जरा स्टोरेजच्या बाहेर जाऊ. १४ जुलै २०२१ च्या संध्याकाळी पश्चिम जर्मनीतल्या आर नदीला पूर येत होता. आल्टेनआर गावात पाण्याची पातळी मोजणारं केंद्र होतं. त्याआधीचा उच्चांक २०१६ सालचा, ३.७१ मीटर. त्या रात्री पावणेनऊच्या सुमाराला केंद्राने ५.७५ मीटर असा आकडा दिला आणि त्यानंतर आकडे यायचे थांबले. केंद्रच वाहून गेलं होतं. पाणी नंतर कितीतरी वर चढलं. जिल्ह्याने आपत्ती जाहीर केली ती रात्री अकरानंतर. त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. त्या रात्री काय काय चुकलं याची यादी लांब आहे आणि तिच्यात माणसांचे निर्णय जास्त आहेत. मला इथे त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: मोजणारं यंत्र गप्प होणं, हीच कधीकधी सगळ्यात मोठी बातमी असते.

बहुतेक नियम हे ऐकूच शकत नाहीत. 'पातळी अमुकच्या वर गेली तर कळव' असा नियम असेल आणि पातळीचा आकडाच आला नाही, तर तुलना कशाशी करणार? प्रोमिथियसमध्ये तर याहून वाईट होतं. अलर्ट वाजत असताना सर्व्हरच बंद पडला, तर थोड्या वेळाने आकडे नाहीसे होतात, अट पूर्ण होत नाही, आणि अलर्ट 'मिटला' असा मेल येतो. सर्व्हर मेला आणि आपल्याला निरोप काय, तर आता काळजी नको! म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याला जोडीला दुसरा नियम लागतो: हा आकडा इतक्या मिनिटांत आलाच नाही तर कळव.

बॅकअपला तर हे शंभर टक्के लागू. 'बॅकअप फसला तर मेल कर' ही खूण सगळे करतात. पण बॅकअप सुरूच झाला नाही तर फसणार कसा? आणि मेलच पोचला नाही तर? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेसचा भाग पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. फसल्याचे मेल यंत्रणा पाठवत होती, पण ते खरे असल्याची सही त्यांवर नव्हती, म्हणून मेल घेणाऱ्या सर्व्हरने ते नाकारले. कुणाला काही कळलं नाही. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःहून जाहीर केली, म्हणून आपल्याला शिकायला मिळते.

उपाय उलटा आहे. 'फसला तर सांग' याऐवजी 'यशस्वी झाला की दर वेळी खूण ठेव', आणि शेवटची खूण २६ तासांहून जुनी झाली की अलर्ट. २४ नाही, २६, कारण बॅकअप कधी थोडा लांबतो. असाच एक कायम वाजणारा अलर्ट देखरेखीच्या यंत्रणेवरही ठेवतात. तो बाहेरच्या दुसऱ्या यंत्रणेकडे सतत जात राहतो. तो थांबला की पहारेकरीच झोपला असं समजायचं. रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याचं हेच तर काम होतं. शिट्टी ऐकू आली की आपण कूस बदलून झोपायचो.

एकाच वेळी सगळे ओरडले तर

१० सप्टेंबर २०२० ला सकाळी अकराला जर्मनीने देशभर इशाऱ्यांची चाचणी घेतली. फोनमधल्या नीना या ॲपवर सगळ्यांना एकदम सूचना येणार होती. ती आली साधारण अर्ध्या तासाने. केंद्राने इशारा सोडला त्याच मिनिटाला ठिकठिकाणच्या केंद्रांनीही त्याच यंत्रणेतून आपापले इशारे सोडले, आणि यंत्रणा तुंबली. गृहमंत्रालयाने चाचणी फसल्याचं त्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर आपत्ती विभागाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. यानंतर, आणि आरच्या पुरानंतर, फोनच्या टॉवरवरून थेट सगळ्या फोनवर इशारा पाठवायची सोय झाली. २०२३ च्या फेब्रुवारीपासून ती चालू आहे.

आपल्या सर्व्हररूममध्ये हेच लहान प्रमाणात घडतं. एक नेटवर्क स्विच बंद पडला की त्यामागचे चाळीस सर्व्हर दिसेनासे होतात, प्रत्येकाच्या चार-चार डिस्क, आणि मेलबॉक्समध्ये दीडदोनशे मेल. खरं कारण सांगणारा एक मेल त्यात कुठेतरी तळाला. प्रोमिथियसच्या जोडीचा अलर्टमॅनेजर यासाठीच आहे. तो सारखे अलर्ट एका निरोपात बांधतो. पहिला आल्यावर मुद्दाम ३० सेकंद थांबतो, कारण भावंडं मागून येतच असतात. स्विच गेला असेल तर त्यामागच्या डिस्कचे अलर्ट दाबून ठेवायचे, असंही सांगता येतं. तोच अलर्ट चालू राहिला तर मूळ मांडणीत चार तासांनी आठवण करतो. देखभालीच्या वेळी अलर्ट गप्प करता येतात, पण मुदत द्यावीच लागते. हा 'किती वाजेपर्यंत' विचारण्याचा आग्रह मला फार आवडतो. बाकीच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये 'बंद' केलेली सूचना वर्षानुवर्षं बंदच राहते.

आणि निरोप कोणाला?

जर्मनीतल्या कंपन्यांमध्ये इथे आणखी एक पक्ष येतो: 'बेट्रीब्सराट', म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणताना या मंडळाची संमती लागते. अलर्टचं सॉफ्टवेअर कोणी किती मिनिटांत उत्तर दिलं याची नोंद ठेवतं, म्हणजे तेही यात येऊ शकतं. विद्यापीठांमध्ये हेच काम 'पर्सोनालराट' करतं. आपल्याकडून आलेल्या मंडळींना हे सुरुवातीला वेळखाऊ वाटतं. पण रात्रपाळीचा फोन कोणत्या कारणासाठी वाजावा हे त्यामुळे आधी कागदावर येतं, आणि कागदावर लिहायला बसलं की निम्मी कारणं आपोआप गळतात. फोक्सवागेनने २०११ मध्ये असाच करार करून काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पाठवणंच थांबवलं होतं.

विद्यापीठांतली खरी अडचण वेगळी आहे. जर्मन संशोधन निधी संस्थेची, म्हणजे डीएफजीची, अपेक्षा अशी, की संशोधनाचा डेटा सर्वसाधारणपणे १० वर्षं जपून ठेवावा. आणि तो सांभाळणाऱ्या पीएचडीवाल्याचा करार? बहुतेक तीन वर्षांचा, वाढला तर थोडा अधिक. करार संपला, प्रबंध दिला, मुलगा दुसऱ्या शहरात गेला, काही दिवसांनी त्याचा विद्यापीठाचा मेल बंद झाला. नोटिफिकेशनच्या पानावर मात्र त्याचंच नाव. पुढच्या सात वर्षांत डिस्क जाईल तेव्हा यंत्रणा इमानेइतबारे एका बंद दाराखाली चिठ्ठी सरकवणार आहे.

म्हणून निरोप माणसाच्या पत्त्यावर नको, कामाच्या पत्त्यावर हवा. ग्रुपचा एक सामाईक पत्ता, ज्यात किमान दोघं असतील आणि त्यातला एक कायम नोकरीतला असेल. निरोपात कोणती डिस्क, किती वेळ उरलाय, पहिल्यांदा काय करायचं आणि ते कुठे लिहिलंय, एवढं हवं. ज्याने नियम लिहिला तो नसताना तो वाचला जाणार आहे हे धरूनच लिहावा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला आता जर्मनीतले फोन दर वर्षी चाचणीसाठी एकदम किंचाळतात. ट्रेनमध्ये असाल तर बघण्यासारखं दृश्य असतं. त्याच दिवशी, त्या गोंधळानंतर, आपल्या स्टोरेजवरून एक खोटा अलर्ट सोडा आणि हातात घड्याळ धरून बसा. कोणाला पोचतो, किती मिनिटांत, आणि ज्याला पोचला त्याला तो कशाबद्दल आहे ते कळतं का, एवढं लिहून ठेवा. पोचलाच नाही, तर आदल्या वर्षीच्या यादीतलं कोणतं नाव आता संस्थेत नाही, तिथून शोध सुरू करा.